जामदऱ्याने हरकत घेतली नाही

नागपुरात लकडगंज भागात, सागवानाच्या एका वखारीवरच्या मजल्यावर, जगाचा कारभार कसा चालावा याचा अभ्यास होतो. संस्थेचं नाव ‘मध्य भारत जागतिक शासन व आंतरराष्ट्रीय व्यवहार अध्ययन केंद्र’. नाव एका ओळीत लिहिलं असतं तर पाटी शेजारच्या प्लायवुडवाल्याच्या हद्दीत गेली असती, म्हणून ते तीन ओळींत आहे. खाली आरा मशीन चालते, वर चर्चासत्रं चालतात. दोन्हींतून सारखाच भुसा निघतो, असं वखारीचे मालक मनोहरराव म्हणतात. पण तेच संस्थेचे विश्वस्त असल्यामुळे त्यांचं हे मत दरवेळी विनोद म्हणून इतिवृत्तात घेतलं जातं.

या संस्थेत रविंद्र काळमेघ सहयोगी संशोधक होता. नरखेड तालुक्यातल्या जामदरा गावचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला, आणि आता ‘बहुपक्षीय वाटाघाटींतील लहान राष्ट्रांचे वर्तन’ या विषयाचा जाणकार. लहान राष्ट्रं मोठ्या राष्ट्रांपुढे गप्प का बसतात, यावर त्याचे शोधनिबंध होते आणि ते चांगले होते. त्याची नेमणूक मात्र हंगामी होती. दर वर्षी ती वाढवून मिळे, आणि दर वर्षी मार्च आला की तो संचालकांच्या विनोदांना जरा मोठ्याने हसू लागे.

संचालक डॉ. केशव मोघे त्या वर्षी जिनिव्हाला एका कार्यशाळेला जाऊन आले. तिथून परत आल्यापासून त्यांना संस्थेतल्या प्रत्येक गोष्टीची कीव येऊ लागली. सर्वांत जास्त कीव आली ती मासिक बैठकीची. या बैठकीत सगळे बोलत. युरोपातल्या देशांची मोट कशी बांधली गेली यावर जाडजूड ग्रंथ लिहिलेली माणसं, कूलरचं गवत एप्रिलमध्ये बदलायचं की मेमध्ये यावर एकमत करू शकत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात तो निर्णय झाला तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

“जिनिव्हात कुणी बोलत नाही,” केशवराव म्हणाले. “तिथे मसुदा फिरवतात. ठरलेल्या वेळेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, तर मसुदा एकमताने मंजूर. त्याला मौनप्रक्रिया म्हणतात. जग त्याच्यावर चाललंय, आणि आपण इथे गवतावर भांडतोय.”

यात खोटं काही नव्हतं. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांत अशी पद्धत खरोखरच आहे, आणि रविंद्रने तिच्यावर एक प्रकरण लिहिलेलं होतं. केशवरावांनी शुक्रवारी संध्याकाळी सर्वांना एक ईमेल पाठवला. संस्थेने यापुढे सर्व निर्णय मौनप्रक्रियेने घ्यावेत, हरकत असल्यास सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवावी, असा त्यात प्रस्ताव होता. शनिवार-रविवार संस्थेचा ईमेल उघडण्याची कुणाची प्रथा नव्हती. सोमवारी सगळे आले, चहा झाला, बारा वाजले, आणि मौनप्रक्रिया मौनप्रक्रियेने मंजूर झाली.

पहिले काही आठवडे फारच सुखाचे गेले. कूलरचं गवत बदललं. चहातली साखर बंद झाली. शनिवारची सुट्टी गेली. प्रत्येक शोधनिबंधावर मार्गदर्शक म्हणून संचालकांचं नाव पहिलं राहील, हेही मंजूर झालं. पूर्वी ज्या गोष्टींवर माणसं तावातावाने भांडली असती, त्या आता एकमताने होत होत्या, आणि एकमत झालंय हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळत होतं.

खिडकीजवळची खुर्ची गेली तेव्हा डॉ. चारुलता वैद्य यांनी मात्र हरकत घेतली. सुरक्षा परिषदेत सुधारणा कशा व्हाव्यात यावर त्यांनी उभी हयात घालवली होती, आणि ती त्या खुर्चीत बसून घालवली होती. त्यांनी वेळेत ईमेल पाठवला. केशवरावांनी त्यांना बोलावून अतिशय आदराने बसवलं.

“मॅडम, तुमचं अभिनंदन. संस्थेतला पहिला मौनभंग तुमचा. आता नियमाप्रमाणे तुम्ही पर्यायी मसुदा द्यायचा.”

“पर्यायी मसुदा काय द्यायचा? माझी खुर्ची मला परत द्या.”

“हाच झाला मसुदा. हा आपण मौनाखाली ठेवू.”

मसुदा मौनाखाली ठेवला गेला. सोमवारी साडेअकराला त्यावर एक हरकत आली. ती संचालकांची होती. पर्यायी मसुदा पडला, मूळ मसुदा कायम राहिला, आणि मौनभंग करणाऱ्या व्यक्तीकडे वार्षिक अहवाल लिहिण्याचं काम जाईल, हा पुढचा प्रस्ताव त्याच आठवड्यात एकमताने मंजूर झाला. चारुलताबाई जिन्याजवळच्या खुर्चीत बसून वार्षिक अहवाल लिहू लागल्या. त्यानंतर संस्थेत कुणाची कशालाच हरकत राहिली नाही.

ही कीर्ती दूरवर गेली, कारण केशवरावांनी ती इंग्रजीत लिहून पाठवली. उत्तर युरोपातल्या एका प्रतिष्ठानाला तळागाळातली संमती हवी होती. हवामानबदल रोखण्यासाठी गरीब माणसं स्वखुशीने काय सोडायला तयार आहेत, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. श्रीमंत माणसं काय सोडायला तयार आहेत याचा अभ्यास आधीच झाला होता आणि त्यातून फारसं काही निघालं नव्हतं. आता एक गाव हवं होतं.

“रविंद्र,” केशवराव म्हणाले, “तुमचं गाव आहे ना?”

रविंद्रला आनंद झाला. जगाच्या नकाशावर आपल्या गावाचं नाव येणार, या विचाराने त्याने हौसेने जामदऱ्याची सगळी माहिती दिली. गावात विहिरी आहेत, मोटारपंप आहेत, संत्री-मोसंबीच्या बागा आहेत, मोटारसायकली आहेत. आणि संध्याकाळी एक मुक्कामी गाडी येते. रात्री देवळाजवळ उभी राहते, सकाळी नरखेडला जाते. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात झोपतात, त्यांचं जेवण गावातून जातं.

“म्हणजे रात्रभर ती गाडी काहीच करत नाही?” केशवरावांनी विचारलं.

“नाही सर. मुक्कामी असते.”

“रात्रभर निष्क्रिय,” असं म्हणून केशवरावांनी लिहून घेतलं.

महिन्याभरात प्रस्ताव तयार झाला. जामदरा हे गाव आपल्या कार्बन-उत्सर्जनाचा मोठा स्रोत असलेली प्रवासी बस स्वेच्छेने त्यागील आणि असा त्याग करणारं जगातलं पहिलं गाव ठरेल. मसुद्यावर लेखक म्हणून केशवरावांचं नाव पहिलं आणि स्थानिक भागीदार म्हणून रविंद्रचं दुसरं होतं. रविंद्रने तो वाचला आणि तसाच केशवरावांच्या खोलीत गेला, कारण त्या गाडीने त्याची धाकटी बहीण काजल रोज कॉलेजला जात होती. गावातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी नव्हती, पण घरातून पहिलीच होती. रुपरावांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तिला पाठवलं ते एकाच अटीवर. गाडी दारातून जाते आणि दारात येते, म्हणून.

“सर, पण गावाला विचारायला हवं,” रविंद्र म्हणाला.

“विचारणारच. मौनप्रक्रियेने. आपण काय हुकूमशहा आहोत?”

“गावात ईमेल कुणाकडे नाही.”

“म्हणूनच डिजिटल समावेशन हा पहिला टप्पा ठेवलाय.”

डिजिटल समावेशन झालं. मतदारयादी घेऊन संस्थेने जामदऱ्याच्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या नावाने एकेक ईमेल खातं उघडलं. कुणाचा पासवर्ड हरवू नये म्हणून सगळे पासवर्ड केशवरावांच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद ठेवण्यात आले. ज्यांनी मोबाइलवर कधी बोटही फिरवलं नव्हतं अशा म्हाताऱ्यांना आता आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार करण्याची सोय झाली. हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

भाषेचा प्रश्नही संस्थेने नजरेआड केला नाही. एकाच भाषेत नोटीस काढणं म्हणजे वर्चस्ववाद झाला असता. म्हणून ती संयुक्त राष्ट्रांच्या सहाही अधिकृत भाषांत काढली: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. भाषांतरावर बराच खर्च झाला. मराठी त्या सहांत नाही, ही जागतिक व्यवस्थेतली उणीव असून तिच्यावर आपण स्वतंत्र शोधनिबंध लिहू, असं केशवरावांनी रविंद्रला आश्वासन दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी नोटीस गेली. सोमवारी बारापर्यंत मुदत. कुण्याही एका गावकऱ्याची एक हरकत आली तर मसुदा पडणार होता. रविंद्रचंही नाव जामदऱ्याच्या मतदारयादीत होतं. म्हणजे हा एक गावकरी असा होता, ज्याला ईमेल येत होता, इंग्रजी येत होतं आणि मौन कसं मोडायचं हेही येत होतं. त्याच्याच निबंधातली तळटीप होती ती.

पण त्याच शुक्रवारी दुसराही एक ईमेल आला होता. ‘श्री. रविंद्र काळमेघ यांना सेवेत कायम करण्याचा प्रस्ताव. हरकत असल्यास सोमवारी दुपारी बारापर्यंत.’

“दोन्हींची मुदत एकच आलीय,” केशवराव प्रेमाने म्हणाले. “योगायोग. माझी काहीच हरकत नाही, रविंद्र. कुणाचीच कशाला हरकत नसावी, असं मला वाटतं.”

शनिवारी गावाहून फोन आला. रुपरावांचा आवाज फोनमध्येही शेतातून हाक मारल्यासारखाच येतो.

“काहून गा रविंद्र, आपल्या गाडीबद्दल काही चालू हाय काय? कंडक्टर म्हणून राहिला होता. साहेब लोकाईनं काही कागद मागवला म्हणे.”

“काही नाही बाबा. अभ्यास चालू हाय.”

“अभ्यास करा नं, आमी कुठं नाई म्हणतो. पण गाडीले हात नका लावू. काजलचं दुसरं वर्ष हाय. गाडी बंद झाली त मी तिले कोणाच्या फटफटीवर नाई धाडत, आताच सांगून ठेवतो.”

मागून काजलने फोन ओढून घेतला. “दादा, खरंच बंद करते काय गा कोणी? तुह्या ऑफिसातलेच हायेत म्हणे.”

“मी हावो न,” रविंद्र म्हणाला. “मी हाय तिथं. तू परीक्षेचं पाह्य.”

हे तो मनापासून बोलला. नागपुरातल्या नंदनवन भागातल्या भाड्याच्या घरात त्याने रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला आणि हरकत लिहायला घेतली. बायको मिनल भाजी निवडत समोर बसली होती.

“एक ओळ त लिहाची आहे,” ती म्हणाली. “गाडी बंद करू नका. टाका न पाठवून.”

“अशी नाही लिहिता येत. भूमिका मांडावी लागते.”

त्याने भूमिका मांडली. संमती म्हणजे काय, याची पाश्चात्त्य आणि पौर्वात्य व्याख्या दिली. लहान राष्ट्रांच्या मौनाचे तीन प्रकार सांगितले, आणि चौथा सुचला तेव्हा त्याला खरोखर आनंद झाला. जेवणानंतर त्याने ग्रामीण वाहतुकीवरचं आंतरराष्ट्रीय साहित्य तपासलं. संध्याकाळपर्यंत हरकत तळटिपांसह एखाद्या पुस्तिकेएवढी झाली होती. तिच्यात बसचा उल्लेख यायचा होता.

मिनलने चहा आणून ठेवला आणि ती रात्रीची भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, “अहो, एक विचारू? पर्मनंट झाल्यावर हरकत घेता नाही येत का?”

“मुदत संपते ना.”

“हां. म्हणजे आधी घेतली त पर्मनंट नाही, नंतर घेतली त गाडी नाही.” ती भाजीचं ताट घेऊन उठली. “घरमालक पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवून राहिला. मी फक्त सांगून ठेवलं. बाकी तुमची बहीण आहे, तुम्ही पाहा.”

सोमवारी रविंद्र संस्थेत वेळेवर आला. हरकत तयार होती, पत्ता घातलेला होता, फक्त बटण दाबायचं होतं. त्याने ती आणखी एकदा वाचली आणि त्याला दुसऱ्या परिच्छेदात एक संदर्भ जुना वाटला. नवी आवृत्ती शोधायला हवी होती. अपुऱ्या संदर्भानिशी आपल्या गावाची बाजू मांडणं म्हणजे गावाचाच अपमान, असं त्याच्या मनाने घेतलं. हे त्याला पटलं, कारण पटवून घ्यायची त्याला फार निकड होती. तो संदर्भ शोधत राहिला. खाली आरा मशीन थांबली, कामगार डबे खायला बसले, तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं.

बारा वाजून गेल्यावर दोन ईमेल आले. जामदरा गावाने एकमताने बस त्यागली होती. रविंद्र काळमेघ एकमताने कायम झाले होते. संस्थेत संत्रा बर्फी वाटली गेली. चारुलताबाईंनी एक तुकडा घेतला आणि वार्षिक अहवालात दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. एक गाव आपणहून आपली गाडी नको म्हणतंय, तेही लेखी, म्हटल्यावर संबंधित कार्यालयाने आभाराचं पत्र पाठवलं. एका संध्याकाळी देवळाजवळ गाडी आली नाही. रुखमाबाईंनी, रविंद्रच्या आईने, ड्रायव्हर-कंडक्टरसाठी करून ठेवलेल्या भाकरी शेजारी वाटून टाकल्या. काजल सकाळी वह्या घेऊन देवळाजवळ जाऊन उभी राहिली, आणि ऊन चढल्यावर घरी आली. आठवडाभर ती जात राहिली. नंतर रुपरावांनी तिला बागेत संत्री तोडायला बोलावलं. ते तिच्यावर रागावले नाहीत, पण कॉलेजचा विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही.

प्रतिष्ठानाच्या प्रतिनिधीबाई त्याग पाहायला आल्या. सोबत केशवराव होते, आणि दुभाषा म्हणून रविंद्र. तिघं नागपूरहून मोठ्या वातानुकूलित गाडीने आले आणि ती गाडी देवळाजवळ बस उभी राहायची तिथेच उभी राहिली. गाव जमलं. बाई नम्रपणे म्हणाल्या की, तुमच्या निर्णयाबद्दल जग तुमचं ऋणी आहे. रविंद्रने ते गावाला सांगितलं.

रुपराव पुढे झाले. “कोणता निर्णय? कोणी घेतला? काहून बंद केली गाडी? आमाले कोणी इचारलं होतं काय? या बाईले इचार, तिच्या गावची गाडी आमी बंद केली त चालन काय तिले?”

“ते काय म्हणतात?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

रविंद्रने वडिलांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. केशवराव कुठेच पाहत नव्हते. “ते म्हणतात,” रविंद्र इंग्रजीत म्हणाला, “की या प्रक्रियेत ग्रामस्थांना फार रस आहे, आणि असाच प्रयोग तुमच्या देशातही व्हावा, असं त्यांना वाटतं.”

बाई हेलावल्या. त्यांनी रुपरावांना हात जोडले. गर्दीतून काजल पुढे आली आणि तिने सरळ इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. इंग्रजी कॉलेजातलं होतं, अडखळत होतं, पण समजत होतं. माझा भाऊ खोटं सांगतो, ती म्हणाली. आम्हाला कुणी विचारलं नाही. मी कॉलेजला जात होते, आता जात नाही. आम्हाला गाडी परत पाहिजे.

रविंद्रला जमीन दुभंगली तर बरं, असं वाटलं. प्रतिनिधीबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी वही काढली आणि केशवरावांना म्हणाल्या, “किती विलक्षण! या प्रकल्पामुळे गावातल्या तरुण मुलीला स्वतःचा आवाज मिळाला.”

“हा आमचा तिसरा टप्पा होता,” केशवराव म्हणाले.

काजलचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला गेला. ती बोलतानाचा. हात वर, कपाळाला आठ्या. आत तिचं म्हणणं नव्हतं, कारण तोंडी हरकत ही मुदतीनंतरची होती.

तरीही बाई प्रामाणिक होत्या. परत गेल्यावर त्यांच्या मनात शंका राहिली, आणि त्यांनी प्रतिष्ठानाच्या नियमातून एक वाट काढली. प्रकल्प कायमचा करण्यापूर्वी जवळच्या शहरातल्या सुशिक्षित नागरी समाजाला एकदा विचारावं. नोटीस या वेळी स्थानिक भाषेत, स्थानिक वर्तमानपत्रांत, सहज दिसेल अशी छापावी. गावकऱ्यांची मुदत संपलेली, संस्थेच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना हितसंबंधामुळे मनाई, आणि ओळखीपाळखीतून मागवलेली हरकत बाद. पण शहरातल्या कुणाही एका माणसाने नुसता फोन करून ‘माझी हरकत आहे’ एवढं म्हटलं, तरी त्याग रद्द होईल आणि गाडी पुन्हा सुरू करण्याची शिफारस जाईल. कारण द्यायची गरज नाही. पर्यायी मसुद्याचीही नाही.

केशवरावांना पहिल्यांदाच झोप लागेना. हरकती नोंदवायला त्यांनी टेलिफोनवर रविंद्रला बसवलं. तो आता कायम होता, त्याच्यावर विश्वास टाकता येत होता.

काजलला हे कळलं तेव्हा तिने त्याला फोन केला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

“एकच पायजे न दादा? एकच माणूस?”

“हो. एकच.”

“अन् नागपुरात किती लोक राह्यते!” ती हसली. कित्येक महिन्यांनी तो तिचं हसणं ऐकत होता. “शिकलेले राह्यते सारे. मराठीत छापून राहिले न? मंग त झालंच समज. मी वह्या काढून ठेवतो.”

रविवारी नोटीस आली. मोठ्या टायपात, चौकटीत, सोप्या मराठीत. जामदरा नावाच्या गावाची बस कायमची बंद होत आहे, आपली हरकत असल्यास सोमवारी दुपारी बारापर्यंत खालील क्रमांकावर सांगा. रविंद्र दोन्ही दिवस टेलिफोनपाशी बसून राहिला. आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल इतकी त्याने त्या घंटेची पाहिली. कुणीतरी बोला, तो मनात म्हणत होता, मला नाही जमलं, तुम्ही कुणीतरी बोला.

रविवारी फोन वाजला. सागवानाच्या चौकटीचा भाव काय, असं एकाने विचारलं. दुपारी एका निवृत्त गृहस्थांनी ही नोटीस संपूर्ण वाचल्याचं सांगितलं आणि हे चर्चासत्र असेल तर जेवणाची व्यवस्था आहे का, अशी चौकशी केली. सोमवारी सकाळी एक बाई म्हणाल्या की हे फार वाईट चाललंय, खेड्यातल्या मुलींनी शिकायचं कसं, त्यांना तर वाचून रडूच आलं. रविंद्र खुर्चीवरून उठलाच. “मग मॅडम, आपली हरकत नोंदवू? नाव सांगता का फक्त?” बाई म्हणाल्या, अहो नाही नाही, नाव वगैरे नको, मी आपलं सहज बोलले. आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर फोन काजलचा होता. “आला काय दादा?”

“नाही अजून.”

“येईन. लोक कामात राह्यते.”

बारा वाजता रविंद्रने नोंद केली: नागपूरच्या सुशिक्षित नागरिकांनी हरकत घेतली नाही.

तुम्ही त्या रविवारी पेपर वाचला होता. चहा घेत, पाय वर घेऊन, अगदी निवांत. ती चौकट तुम्हाला दिसलीही होती. जामदरा कुठे आलं, असं तुमच्या मनात आलं, आणि तुम्ही पान उलटलं. तुम्ही नागपूरचे नाही म्हणता? मग तुमच्या पेपरात दुसऱ्या गावाचं नाव असेल, शोधून पाहा. रविंद्रवर तुम्ही मघापासून चिडला आहात, ते ठीकच आहे, त्याची तीच लायकी आहे. पण त्याची निदान नोकरी जाणार होती. तुमचं काय जाणार होतं, एवढं जरा काजलला सांगा.